एका फार्दिंगची अब्रू

मराठीत 'चॉकलेट' आणि 'कॅडबरी' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, ही गोष्ट परभाषकांना समजावून सांगणे कठीण जाते. वाढदिवसाला शाळेत वाटली जात ती चॉकलेटे. म्हणजे वेष्टनाच्या दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या गोळ्या, मग त्यांत कोकोचा कणही नसेना का. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या गोळ्या चॉकलेटेच, विलेपार्ल्याच्या पार्लेच्या गोळ्याही चॉकलेटेच. कॅडबरी मात्र निराळी. ती मुंबईहून येणाऱ्या मामाने आणायची, चांदीचा कागद न फाडता उलगडायची आणि भावंडांत चौकोन मोजून वाटायची. दुकानात जाऊन दुसऱ्याच एका कंपनीची 'कॅडबरी' मागणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत. ठाण्यात तर महामार्गावरचा एक अख्खा नाकाच या नावाने ओळखला जातो. रिक्षावाल्याला तो पत्ता सांगताना कोणाच्या जिभेवर गोड चव येत असेल असे वाटत नाही.

विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही भाषेच्या व्यवहारात नवी गोष्ट नाही. डालडा झाला, झेरॉक्स झाले. परंतु डालडा किंवा झेरॉक्स हे कोणाचे आडनाव नव्हते. कॅडबरी हे आडनाव आहे. त्यामागे एक घर होते, त्या घराचा एक धर्म होता, आणि आपल्या नावाला बट्टा लागू नये म्हणून त्या घराने एकदा कोर्टाची पायरी चढली होती. १९०९ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने त्या घराच्या अब्रूची किंमत रोख ठरवून दिली. ती किंमत कशी ठरली आणि ती योग्य होती का, याचा विचार आम्हांस या लेखात करावयाचा आहे.

आरंभ १८२४ सालचा. बर्मिंगहॅममधल्या बुल स्ट्रीटवर जॉन कॅडबरी नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने शेजारच्या वडिलांच्या कापडदुकानाला लागून स्वतःचे दुकान थाटले. विकायला चहा, कॉफी आणि त्यांच्या जोडीला स्वतः खलबत्त्यात कुटलेला कोको. हे कुटुंब क्वेकर पंथाचे. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक बंडखोर, साधेपणाचा आग्रह धरणारा पंथ. पाद्री नाही, वेदी नाही, कर्मकांड नाही. प्रत्येकाच्या अंतरात ईश्वरी प्रकाश असतो आणि सभेत शांत बसून त्याची वाट पाहायची. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचे नाही. ज्यांना शपथ घेता येत नाही त्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद होती. शस्त्र धरायचे नाही म्हटल्यावर सैन्यातली नोकरीही नाही. उरला व्यापार. भाव एकच सांगायचा आणि दिला शब्द पाळायचा, या कीर्तीवर क्वेकरांच्या पेढ्या आणि कारखाने उभे राहिले. इंग्लंडमधली चॉकलेटची तीन मोठी घराणी, म्हणजे ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे राउंट्री आणि बर्मिंगहॅमचे कॅडबरी, ही तिन्ही क्वेकरच निघावीत हा योगायोग नव्हे. दारू हा गरिबांचा काळ आहे असे मानणाऱ्या या मंडळींना, घोटभर ऊब देणारे पण शुद्ध न हरपवणारे पेय म्हणून कोको ही जवळजवळ धर्मकार्याची वस्तू वाटे.

१८३१ साली जॉनने कोकोचे उत्पादन सुरू केले, पुढे भाऊ बेंजामिन भागीदार झाला, १८५४ साली राणीच्या घराण्याला माल पुरवण्याचा मान मिळाला. त्यानंतर मात्र घसरण लागली. १८५५ साली जॉनची पत्नी कॅंडिया क्षयाने गेली. जॉनची प्रकृतीही ढासळली, धंद्यावरून लक्ष उडाले. १८६१ साली त्याचे मुलगे रिचर्ड आणि जॉर्ज यांनी कारखाना हाती घेतला तेव्हा एक पंचविशीतला आणि दुसरा एकवीस वर्षांचा होता. हाताखाली मोजकी माणसे आणि भांडवल म्हणजे आईकडून आलेला वारसा. धंदा बुडालाच तर काय करायचे तेही ठरले होते: रिचर्डने जमीनमोजणीदार व्हायचे आणि जॉर्जने हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन चहाचे मळे करायचे. तसे घडते तर या आडनावाची ओळख आपल्याला चहाच्या पुड्यांवरून झाली असती.

धंदा बुडाला नाही, आणि तो तरला याचे कारण आमच्या पुढच्या विवेचनाला महत्त्वाचे आहे. त्या काळचा कोको म्हणजे एक प्रकारची पेज असे. कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास चरबी असते. ती पेल्यात तवंग धरून तरंगते. ती शोषून घेण्यासाठी बटाट्याचे पीठ, साबुदाणा, काकवी असे काहीबाही मिसळले जाई. लबाड व्यापारी तर रंगासाठी विटेची भुकटी आणि शिशाचा शेंदूरही घालीत. कॅडबरी बंधूंच्या मालात विटेची भुकटी नसली तरी पीठ होतेच. आपल्या तेव्हाच्या कोकोत खरा कोको पाचवा हिस्साच असे, हे जॉर्जने पुढे मोकळेपणाने सांगितले. हॉलंडच्या व्हान हाउटेनने कोकोतली चरबी दाबून काढण्याचे यंत्र बनवले होते. ते बंधूंनी विकत आणले आणि १८६६ साली निर्भेळ 'कोको इसेन्स' बाजारात आणला. 'पूर्णपणे शुद्ध, म्हणूनच सर्वोत्तम' ही त्याची घोषणा. १८७२ आणि १८७५ सालच्या भेसळविरोधी कायद्यांच्या वादात डॉक्टरांची साक्ष या कोकोच्या बाजूने पडली आणि विक्री वाढत गेली.

म्हणजे या घराण्याने जगाला प्रथम विकली ती शुद्धता. चव नंतर आली. डब्यातला माल आणि विकणाऱ्याचे मन दोन्ही निर्भेळ आहेत, असा विश्वास त्या नावाशी जोडला गेला. अशा नावाला डाग लागला तर तो साध्या डागापेक्षा अधिक उठून दिसणार, हे ओघाने आले.

१८७९ साली कारखाना बर्मिंगहॅमच्या धुरातून बाहेर निघाला. शहरापासून चार मैलांवर, बोर्न नावाच्या ओढ्याकाठी नवी जागा घेतली. फ्रेंच चॉकलेटचा दबदबा फार, म्हणून ओढ्याच्या नावाला फ्रेंच शेपूट जोडून गावाचे नाव ठेवले बोर्नव्हिल. जॉर्ज दर रविवारी सकाळी बर्मिंगहॅमच्या गरीब वस्तीतल्या प्रौढांना लिहावाचायला शिकवी. हा नेम त्याने पन्नासएक वर्षे चालवला. त्या माणसांची घरे त्याने पाहिली होती. माणूस दारूकडे वळतो कारण घरी परतण्यासारखे घरच नसते, हा त्याचा निष्कर्ष. १८९३ साली त्याने कारखान्याशेजारची १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून तेथे घरे उभी राहू लागली. प्रत्येक घराला बाग, बागेत फळझाडे, गावात मैदाने आणि शाळा. दारूचा गुत्ता मात्र नाही. घरे केवळ आपल्याच कामगारांना द्यायची असेही नव्हते. १९०० साली जॉर्जने ही सारी मालमत्ता एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. आपल्या वारसांना तिच्यावर हक्क सांगता येऊ नये हा हेतू. मुंबईच्या गिरण्यांभोवती याच सुमारास ज्या चाळी उभ्या राहत होत्या, त्यांची आठवण ठेवून हे वाचावे म्हणजे त्याचे वेगळेपण कळेल.

यातला पितृभाव आज खटकतो, हे मान्य. कामगाराने काय प्यावे, रविवार कसा घालवावा याची काळजी मालकाने का करावी? लग्न झाले की स्त्री-कामगाराने काम सोडायचे, हा तिथला नियम तर उघडच अन्यायाचा. तरीही या माणसाच्या हेतूविषयी शंका घ्यावी असे आम्हांस वाटत नाही. उलट आमचे म्हणणे असे, की या कुटुंबाची सदसद्विवेकबुद्धी खरी होती असे धरूनच पुढचा इतिहास वाचला पाहिजे. ती खोटी होती असे मानले तर दांभिकपणाची एक नेहमीची गोष्ट शिल्लक राहते आणि आपण निश्चिंत होतो.

आता थोडे दक्षिणेकडे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, गिनीच्या आखातात साओ टोमे आणि प्रिन्सिपे ही दोन चिमुकली बेटे आहेत. त्या वेळी ती पोर्तुगालच्या ताब्यात होती. लिस्बनहून गोव्यावर चालणारे राज्य तिथेही चालत होते. ज्वालामुखीच्या मातीत कोको उत्तम पिके. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅडबरी घेत असलेल्या कोकोपैकी निम्म्याच्या आसपास कोको या बेटांवरून येई. पोर्तुगालने गुलामगिरी कायद्याने कधीच रद्द केली होती. मळ्यांवरचे मजूर अंगोलातून पाच वर्षांच्या करारावर आणलेले 'सेवक' होते, असे कागद सांगत.

करारावरची मजुरी म्हणजे काय हे आपल्याला नवे नाही. रत्नागिरीकडची कितीतरी माणसे गिरमिटावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात. गिरमिटाच्या हालांना सीमा नव्हती. परंतु मुदत संपल्यावर परतलेली माणसेही होती. साओ टोमेहून अंगोलात जवळजवळ कोणी परतत नसे. पाच वर्षे संपली की करार आपोआप नवा होई. मुळात ती माणसे अंगोलाच्या अंतर्भागात विकत घेतलेली किंवा धरून आणलेली असत. शेकडो मैल पायी चालवत त्यांना किनाऱ्यावर आणायचे, अधिकाऱ्यासमोर उभे करून, त्यांना न समजणाऱ्या भाषेत संमती विचारायची, गळ्यात नंबराचा बिल्ला अडकवायचा आणि बोटीत चढवायचे. एवढ्याने गुलामाचा सेवक होत असे.

१९०१ साली रिचर्डचा मुलगा विल्यम कॅडबरी त्रिनिदादला गेला असता हे त्याच्या कानावर आले. (रिचर्ड १८९९ सालीच वारला होता आणि जॉर्ज आता कंपनीचा अध्यक्ष होता.) त्याच वर्षी साओ टोमेवरच्या एका मळ्याच्या विक्रीचे पत्रक त्याच्या हाती पडले. मालमत्तेच्या यादीत २०० मजूर होते आणि त्यांच्यापुढे किंमत मांडली होती: ३,५५५ पौंड. गडी पगारावर असतील तर मळ्याबरोबर त्यांची किंमत कशी लावता येईल? हे कोणा वार्ताहराने ऐकलेले नव्हते. छापील कागदावरचा आकडा होता. जॉन कॅडबरीच्या नातवाला त्याचा अर्थ कळला नसेल असे म्हणता येत नाही, आणि विल्यमनेही तसे कधी म्हटले नाही.

मग त्याने काय केले? इथे आमच्या लेखाचा मर्म आहे. विल्यमने चौकशी सुरू केली. १९०३ साली तो लिस्बनला गेला, मळेवाल्यांना भेटला. त्यांनी नव्या मजूर-कायद्याचा हवाला दिला. आरोप खरे वाटत असतील तर माणूस पाठवून पाहा, असेही ते म्हणाले. पाठवायला माणूस शोधला तो जोसेफ बर्ट. त्याने आधी पोर्तुगीज भाषा शिकली आणि १९०५ साली तो बेटांवर उतरला. तेथून अंगोला, परतला १९०७ साली. दरम्यान हेन्री नेव्हिन्सन हा पत्रकार बर्टच्या आधीच तिकडे जाऊन आला, अंगोलातल्या वाटेवर टाकून दिलेले लाकडी खोडे त्याने पाहिले आणि १९०६ साली पुस्तक लिहून मोकळा झाला. बर्टचा अहवाल त्याहून सौम्य शब्दांत, परंतु निष्कर्ष तोच: ही गुलामगिरी आहे. तो अहवाल परराष्ट्र खात्याला दाखवण्यात आला. खात्याने सबुरीचा सल्ला दिला. ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींना पोर्तुगीज मोझांबिकमधून मजूर हवे होते. अशा वेळी लिस्बनला दुखावणे सोयीचे नव्हते. अहवाल १९०८ सालापर्यंत छापला गेला नाही. त्या वर्षी विल्यम स्वतः आफ्रिकेला निघाला आणि परतल्यावर, १९०९ च्या मार्चमध्ये, कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री यांनी साओ टोमेचा कोको घेणे बंद करत असल्याचे जाहीर केले.

१९०१ ते १९०९: आठ वर्षे. या आठ वर्षांत खरेदी चालूच होती. याच काळात, नेमकेपणाने सांगायचे तर बर्टच्या प्रवासाच्याच १९०५ या वर्षी, बोर्नव्हिलमधून 'डेअरी मिल्क' बाहेर पडले; स्विस मालाहून अधिक दूध घातलेले हे चॉकलेट पुढे जगभर गेले आणि आपल्याकडची 'कॅडबरी' ती हीच. तिच्या पहिल्या वड्यांत साओ टोमेचा कोको होता काय? निम्मी खरेदी तिकडची असताना तो नव्हता असे म्हणायला धीर होत नाही.

खरेदी चालू ठेवण्याचे समर्थन कुटुंबापाशी तयार होते आणि ते ऐकण्यासारखे आहे. आपण खरेदी थांबवली तर माल दुसरा कोणी घेईल. मळेवाल्यांवर आपला जो काही दाब आहे तो नाहीसा होईल. गिऱ्हाईक राहूनच सुधारणा घडवता येते. हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु त्यात एक सोय दडलेली आहे: तो जितका काळ चालेल तितका काळ कोकोही मिळत राहतो. आणि आपण सज्जन आहोत अशी ज्याची खात्री आहे त्याला ही सोय दिसत नाही. लबाड व्यापाऱ्याला निदान पकडले जाण्याचे भय असते. सज्जनाला भय नसते, म्हणून घाईही नसते.

२६ सप्टेंबर १९०८ रोजी लंडनच्या 'स्टँडर्ड' या वृत्तपत्राने ही सोय चव्हाट्यावर मांडली. बोर्नव्हिलच्या कामगारांच्या कल्याणासाठी झटणाऱ्या मालकांना आफ्रिकेतल्या त्या दुसऱ्या हातांची आठवण बरीच उशिरा झाली, असा त्या अग्रलेखाचा सूर. त्यामागे राजकारण होते हे खरेच. जॉर्ज कॅडबरी १९०१ पासून 'डेली न्यूज' या उदारमतवादी पत्राचा मालक होता, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींवर आणलेल्या चिनी मजुरांच्या प्रश्नावर त्या पत्राने पुराणमतवादी पक्षाला धारेवर धरले होते. चिनी मजुरांसाठी अश्रू ढाळणाऱ्यांचा कोको कोण पिकवतो, हा प्रश्न विरोधकांच्या हाती आयताच सापडला. परंतु प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू अशुद्ध असला म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला.

खटला २९ नोव्हेंबर १९०९ रोजी बर्मिंगहॅममध्ये उभा राहिला. कॅडबरींच्या बाजूने होते रूफस आयझॅक्स. हेच पुढे लॉर्ड रेडिंग म्हणून १९२१ साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. 'स्टँडर्ड'चे वकील एडवर्ड कार्सन, ज्यांच्या उलटतपासणीने १८९५ साली ऑस्कर वाइल्डचा घात केला होता. कार्सननी विल्यमला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून तारखा विचारल्या. कधी कळले? मग काय केले? तेव्हा खरेदी थांबली का? विल्यमने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. लपवले काही नाही. शेवटी कार्सननी विचारले, १९०१ ते १९०८ या वर्षांत आपल्यासाठी कोको पिकवताना किती गुलाम मेले याचा काही अंदाज आपण केला आहे काय? उत्तर नकारार्थी होते. तो अंदाज कोणी केला नव्हता. बोर्नव्हिलच्या बागेतल्या फळझाडांचा हिशेब होता. या माणसांचा नव्हता.

६ डिसेंबरला ज्युरीने निकाल दिला. वर्तमानपत्राने बदनामी केली आहे; वादी जिंकले. नुकसानभरपाई: एक फार्दिंग.

फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. एका पौंडाचे ९६० फार्दिंग होत. आपल्या भाषेत, कवडी. इंग्रजी कायद्यात इतकी क्षुल्लक भरपाई देण्याला विशिष्ट अर्थ असतो: तुमचे म्हणणे कायद्याच्या तराजूत उतरले, परंतु आमच्या मनात नाही. खटल्याचा खर्च 'स्टँडर्ड'वर बसला, कॅडबरींची विजयी म्हणून नोंद झाली, आणि तरीही त्या नाण्याने जे सांगितले ते कोणत्याही अग्रलेखाला सांगता आले नसते. बर्मिंगहॅम हे कॅडबरींचे स्वतःचे गाव. तिथल्या बारा माणसांनी त्या घराला दोषी म्हणायचे नाकारले, आणि निर्दोष म्हणतानाही हात आखडता घेतला.

आम्हांस हा निकाल विलक्षण न्याय्य वाटतो. कॅडबरी ढोंगी नव्हते. ढोंगी माणूस दुभाषा तयार करून दोन वर्षे आफ्रिकेत पाठवत नाही. परंतु त्यांना लागलेला वेळ फुकट नव्हता. तो कोणीतरी आपल्या आयुष्याने मोजला होता. चांगुलपणाच्या दिरंगाईची किंमत कायद्याच्या कोणत्याही कलमात सापडत नाही. ज्युरीने ती फार्दिंगच्या रूपाने कशीबशी लिहून ठेवली.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येतो. साओ टोमे सोडल्यावर कॅडबरींनी गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे, मोहरा वळवला. तिथे कोको लहान आफ्रिकी शेतकरी आपापल्या जमिनीत पिकवत. १९११ च्या सुमारास तो देश जगातला सर्वांत मोठा कोको-निर्यातदार झाला. १९१९ साली फ्राय आणि कॅडबरी एकत्र आले. १९२२ साली जॉर्ज वारला. १९४८ साली, स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, 'कॅडबरी-फ्राय (इंडिया)' स्थापन झाली. ठाणे आणि मावळातल्या इंदुरीला कारखाने झाले, केरळात कोकोची लागवड सुरू झाली आणि आडनाव मराठीत उतरले.

मायदेशात मात्र घराची पकड सैल होत होती. १९६२ साली कंपनीचे समभाग खुल्या बाजारात आले. १९६९ साली श्वेप्सशी विलीनीकरण झाले. जॉर्जचा नातू एड्रियन कॅडबरी १९७५ ते १९८९ अध्यक्ष होता. कंपन्यांचा कारभार कसा असावा, संचालकांनी कोणाला उत्तर द्यावे, यावर त्याच्या समितीने १९९२ साली दिलेला अहवाल जगभर प्रमाण मानला गेला. उत्तरदायित्वाचे सर्वमान्य नियम कॅडबरी नावानेच ओळखले जावेत, आणि २००० साली धाकटा भाऊ डॉमिनिक निवृत्त झाल्यावर कंपनीच्या मंडळावर त्या नावाचे कोणी उरू नये, यातला उपरोध इतिहासाचा आहे, आमचा नव्हे. २०१० साली अमेरिकेच्या क्राफ्टने सुमारे ११.५ अब्ज पौंडांना कंपनी घेतली. ब्रिस्टलजवळचा सॉमरडेलचा जुना कारखाना चालू ठेवण्याचा शब्द बोली लावताना क्राफ्टने दिला होता. ताबा मिळताच काही दिवसांत तो फिरवला. शब्दाच्या पतीवर वाढलेल्या घराच्या नावाने मोडलेला हा शब्द. २०१२ पासून ते नाव माँडेलीझच्या पदरी आहे, आणि १८५४ सालचा तो राजघराण्याचा मानही २०२४ च्या डिसेंबरात गेला.

इथे 'घर होते तेव्हा सारे चांगले होते, कंपनी आली आणि बिघडले' असा उसासा टाकणे सोपे आहे. ब्रिटिश वृत्तपत्रांनी २०१० साली तो भरपूर टाकला. साओ टोमे लक्षात ठेवले तर तो टाकता येत नाही. घर होते तेव्हाही कोको कोणाच्या तरी पाठीवरून येत होता. आणि आजही ते ओझे पुरते उतरलेले नाही: शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने २०२० साली दिलेल्या अहवालानुसार घाना आणि आयव्हरी कोस्टमधल्या कोकोच्या शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरी करत होती. त्यावर कंपन्या जे उत्तर देतात ते ऐकून विल्यम कॅडबरी ओळखीचे हसला असता: आम्ही खरेदी करत राहूनच सुधारणा घडवतो आहोत.

फरक एकच, परंतु तो लहान नाही. १९०९ साली कार्सनना प्रश्न विचारायला समोर माणूस होता. त्याचे आडनाव डब्यावर होते, त्याच्या आजोबांनी तो कोको खलबत्त्यात कुटला होता, आणि 'आपण अंदाज केला आहे काय' या प्रश्नाला नाही म्हणताना त्याला सर्वांदेखत मान खाली घालावी लागेल अशी व्यवस्था होती. कौटुंबिक धंद्याचे मोल आमच्या मते इतकेच. कुटुंब अधिक सज्जन असते म्हणून नव्हे. कुटुंबाला पिंजऱ्यात उभे करता येते म्हणून. आज तोच प्रश्न विचारायचा तर पिंजऱ्यात कोणाला बोलवावे? समभाग सकाळी घेऊन संध्याकाळी विकणाऱ्यांना अब्रू नसते, म्हणून त्यांना फार्दिंगही देता येत नाही.

एक वाङ्मयीन तळटीप. रोआल्ड डालच्या शाळेत कॅडबरीची नवी चॉकलेटे चाखण्यासाठी मुलांना वाटली जात, आणि त्या आठवणीतून त्याची चॉकलेट कारखान्याची प्रसिद्ध बालकादंबरी जन्मली, हे त्यानेच सांगून ठेवले आहे. १९६४ च्या मूळ आवृत्तीत त्या कारखान्यात राबणारे बुटके उंपा-लुंपा आफ्रिकेच्या जंगलातून खोक्यांत भरून आणलेले होते आणि त्यांना मजुरी मिळे ती कोकोच्या बियांत. टीका झाल्यावर १९७३ च्या आवृत्तीत डालने त्यांचा रंग आणि देश बदलला. डालला साओ टोमेची कथा ठाऊक होती असा आमचा दावा नाही. परंतु चॉकलेटची परीकथा रचताना, ते कोण बनवते या प्रश्नाचे त्याला पहिले सुचलेले उत्तर हे होते. पुढच्या आवृत्तीत ते खोडावे लागले. खोडता येते, हेही कळले.

ठाण्याच्या त्या नाक्यावर सिग्नलला थांबलो की हल्ली आम्हांस ते नाणे आठवते. फार्दिंग १९६० च्या अखेरीस चलनातून गेले. आडनाव मात्र चलनात आहे. त्याला उत्तर देणारे कोणी उरले नसल्यामुळे कदाचित अधिकच.